‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा
मा. सभापती, महाराष्ट्र विधान परिषद
मा. मंत्री व राज्यमंत्री, महाराष्ट्र शासन
आणि दोन्ही सभागृहांचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : आमदारांच्या प्रश्नांना मंत्र्यांकडून मिळणारी उत्तरे

महोदय, महोदया,

विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या फार थोडे लोक वाचतात. आम्ही त्या वाचतो, कारण त्यांत आमची गावे असतात. नळाला पाणी न येणारी वाडी, छत गळणारी शाळा, डॉक्टरचे पद रिकामे असलेले आरोग्य केंद्र, एका पावसात उखडलेला रस्ता हे सगळे त्या याद्यांत असते. गावाने तलाठ्याकडे, ग्रामसेवकाकडे, तहसीलला, जिल्हा परिषदेत अर्ज देऊन झालेले असतात. कुठेच दाद लागली नाही म्हणून विषय आमदाराकडे जातो आणि आमदार तो सभागृहात विचारतो. यानंतर विचारायला जागा उरत नाही. म्हणून तिथे मिळणाऱ्या उत्तराबद्दल हे पत्र आहे, आणि ते सर्वांनी वाचावे म्हणून उघड लिहिले आहे.

ज्यांनी अशी यादी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचा नमुना देतो. वर प्रश्नाचा क्रमांक, मग प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांची नावे, मग ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ हे ठरलेले वाक्य. त्याखाली प्रश्न चार भागांत येतो. (१) अमुक तालुक्यातील अमुक योजनेचे काम अपूर्ण असल्याचे माहे मे महिन्यात वा त्यादरम्यान निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, काम अपूर्ण असताना कंत्राटदाराला देयक अदा करण्यात आले, हे खरे आहे काय. (३) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आणि उत्तर :

(१) हे खरे नाही.
(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

एवढेच. तीन शब्दांचा नकार, आणि त्या एका नकारावर पुढचे तीन भाग आपोआप गळून पडतात. प्रश्नाची रचनाच ‘असल्यास’ या शब्दावर उभी असते. पहिला भाग नाकारला की दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत कुणाला काही सांगावे लागत नाही. योजना पूर्ण झाली का, देयक किती दिले, कधी दिले, काम कुणी तपासले, यातले एकही अक्षर सभागृहापुढे येत नाही.

हा नकार येतो कसा, ते आधी सांगितले पाहिजे. प्रश्नात ‘२७ शाळांच्या वर्गखोल्या धोकादायक’ असे लिहिले असेल आणि जिल्हा परिषदेच्या नोंदीत २६ असतील, तर ‘हे खरे नाही’ असे लिहिता येते. प्रश्नात ‘काम बंद आहे’ असेल आणि जागेवर दोन मजूर असतील, तरी तेच. तालुक्याचे नाव शेजारचे पडले, योजनेचे नाव जुने लिहिले, महिना चुकला, तरीही तेच. उत्तर प्रश्नातल्या शब्दाला दिले जाते, प्रश्नामागच्या गोष्टीला नाही. शब्दापुरते ते खरे असते, म्हणून हक्कभंगाची सूचनाही देता येत नाही. पण त्या २६ शाळांच्या खोल्यांत बसणारी मुले तशीच धोक्यात राहतात, आणि सरकारने ती माहिती हातात असून सांगितलेली नसते. यापेक्षा ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर बरे, कारण त्याच्यापुढे निदान कोणता अंश खरा, हे लिहावे लागते.

आता प्रश्नाचा प्रवास पाहू. आमदाराने दिलेला प्रश्न विधानमंडळ सचिवालयात नियमांनुसार तपासला जातो. त्यात युक्तिवाद नको, आरोप नको, न्यायप्रविष्ट बाब नको, नुसते मत विचारलेले नको. स्वीकृत झालेला प्रश्न संबंधित विभागाकडे जातो आणि तिथे एका कार्यासनावर, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलावर, येतो. कार्यासनाकडे बहुधा स्वतःची माहिती नसते, म्हणून कक्ष अधिकारी आयुक्तालयाला किंवा संचालनालयाला, ते जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला विचारतो. वर ‘विधिमंडळ कामकाज, अतितातडीचे’ असा शेरा असतो. तालुक्याचा अभियंता किंवा विस्तार अधिकारी दोन दिवसांत, पुष्कळदा जागेवर न जाता, शेवटच्या प्रगती अहवालातला आकडा उचलून पाठवतो. ज्याच्या कामाबद्दल प्रश्न आहे तोच माहिती देणारा असतो, हा या साखळीतला सर्वांत मोठा दोष. मग मसुदा कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिव, उपसचिव, सचिव असा वर चढतो. प्रत्येक टप्प्यावर एखादा शब्द कमी होतो, कारण शासनाला बांधून घेणारा शब्द कुणालाच आपल्या सहीने जायला नको असतो. ‘३१ मार्चपर्यंत पूर्ण होईल’ याचे ‘लवकरच पूर्ण करण्याचे नियोजन आहे’ होते, आणि पुढच्या टेबलावर ‘कार्यवाही सुरू आहे’. मंत्र्यांच्या मान्यतेला जाईपर्यंत त्यात ना तारीख उरते, ना रक्कम, ना कुणाची जबाबदारी.

कनिष्ठ कर्मचाऱ्यांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. अधिवेशनाच्या काळात ही माणसे रात्री उशिरापर्यंत कार्यालयात बसलेली असतात. दोष पद्धतीचा आहे आणि पद्धत बदलण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

पाण्याचे एक उदाहरण जरा सविस्तर मांडतो, कारण गेल्या काही वर्षांत गावांच्या तक्रारींत हा विषय सतत असतो. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले. माणशी दररोज ५५ लिटर पाणी, घरात नळाने, हे त्याचे मोजमाप. सभागृहात प्रश्न आला की उत्तरात नळजोडण्यांची संख्या येते : एकूण कुटुंबे इतकी, जोडण्या इतक्या, टक्केवारी इतकी. पण जोडणी म्हणजे पाणी नव्हे. दीड हजार वस्तीचे गाव धरा. ५५ लिटरने त्याला रोज ८२,५०० लिटर पाणी लागते. योजनेला पाणी पुरवणारी उद्भव विहीर मे महिन्यात ताशी ३,००० लिटर देत असेल, तर तेवढे पाणी उपसायला साडेसत्तावीस तास हवेत. दिवस चोवीस तासांचा आहे आणि पंपाला वीज आठ तास मिळाली तर टाकीत २४,००० लिटर पडते, म्हणजे माणशी १६ लिटर. त्या गावात प्रत्येक घराला चकचकीत तोटी असू शकते, जलकुंभ रंगवून उभा असू शकतो, आणि सरकारी उत्तरात ते गाव शंभर टक्के जोडणीचे असू शकते. बाई मात्र हंडा घेऊन शिवारातल्या विहिरीवर जाते.

म्हणून पाणीयोजनेच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगायचे ते हे : उद्भवाची क्षमता कोणत्या महिन्यात मोजली, ऊर्ध्ववाहिनीची (विहिरीतून टाकीपर्यंत पाणी नेणाऱ्या नळीची) चाचणी झाली का, पंपाला कायम वीजजोडणी मिळाली का आणि कोणत्या तारखेला, वितरण वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरात पाणी किती दिवसांआड येते, ‘हर घर जल’चा, म्हणजे घरोघर पाणी पोहोचल्याचा, ठराव ग्रामसभेने कधी केला, योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाली का आणि वीजबिल कोण भरते. जून महिन्यात, पाऊस पडल्यावर, भरलेल्या विहिरीवर घेतलेली चाचणी उन्हाळ्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून चालत नाही. हे सगळे अभियंत्याच्या फाइलीत असते. नसेल तर तेही सभागृहाला कळले पाहिजे.

आरोग्याचेही तसेच. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी, डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक असावे, हा निकष. प्रश्न येतो रिक्त पदांचा. उत्तर येते : मंजूर पदे इतकी, भरलेली इतकी. यात एक तिसरा आकडा लपलेला असतो, प्रत्यक्ष हजर असलेल्यांचा. वैद्यकीय अधिकारी कागदावर डोंगरातल्या केंद्रात नेमलेला असतो, पगार त्या पदावर निघतो, आणि तो प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या ठिकाणी काम करत असतो. पद ‘भरलेले’ आहे. रात्री साप चावलेल्या मुलाला घेऊन आलेल्या बापाला मात्र केंद्रात डॉक्टर सापडत नाही. प्रतिनियुक्तीचा आकडा वेगळा मागितला नाही तर तो कधीच मिळत नाही, आणि मागितला तरी त्या भागाचे उत्तर ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे येते.

दुसरी तक्रार उशिराची.

तारांकित, म्हणजे तोंडी उत्तरासाठी दिलेल्या, प्रश्नांपैकी ज्यांची सभागृहात पाळी लागते, त्यांच्यावर उपप्रश्न होतात, मंत्र्यांना उभे राहून बोलावे लागते. पाळी न लागलेल्यांचे नुसते छापील उत्तर उरते. ज्यांचे उत्तर फक्त लेखी येते त्या अतारांकित प्रश्नांना तर वेळेचा धाकच नाही. छापील यादीत मंत्र्यांच्या नावापुढे कंसात उत्तराची तारीख असते. ती आणि प्रश्नातला ‘माहे’ शेजारी ठेवून पाहावेत. उन्हाळ्यातल्या टँकरबद्दलचा प्रश्न आणि त्याचे उत्तर यांच्यामध्ये पावसाळा आणि हिवाळा उलटून गेलेला असतो. तोवर टँकरचे देयकही निघालेले असते आणि चौकशी करण्यासारखे जागेवर काही उरलेले नसते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे साध्या नागरिकाला दहा रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. त्याच कायद्याच्या कलम ८(१) मध्ये २०२५ च्या दुरुस्तीपूर्वी म्हटले होते की जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे कायद्याने माप धरले होते ते विधिमंडळाचे. आमदाराला मिळेल ते सर्वांना मिळेल, असा त्याचा अर्थ. आज उलटे झाले आहे. दहा रुपये भरणाऱ्याला महिन्यात कागद मिळतो आणि लाखो मतदारांच्या वतीने विचारणाऱ्या सदस्याला त्याहून उशिरा, त्याहून कमी मिळते. राज्याचा स्वतःचा २००५ चा बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियमही आहे, ज्याला सगळे दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्यात साधी फाइलसुद्धा एका टेबलावर सामान्यतः कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसेल तर ४५ दिवसांत आणि असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे आहे. विधिमंडळाच्या प्रश्नाला तरी ही मुदत लागू पडायला हवी.

उशिराचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो वर्मी लागणारा आहे. डिसेंबर २०२४ चे नागपूर अधिवेशन १६ तारखेला सुरू झाले आणि २१ ला संपले. मंत्र्यांचा शपथविधी १५ ला झाला होता. खातेवाटप जाहीर झाले ते २१ ला, अधिवेशन आटोपल्यावर. सहा दिवस सभागृहात मंत्री होते, पण पाण्याचे कोण, शाळांचे कोण, रस्त्यांचे कोण, हे ठरलेले नव्हते. ज्या विदर्भाच्या प्रश्नांसाठी नागपूरला अधिवेशन घेण्याची पद्धत १९५३ च्या नागपूर कराराला धरून चालत आली, तिथे जाऊन विचारावे कुणाला, असा पेच होता. कोविडच्या काळात तर २०२० चे पावसाळी अधिवेशन दोन दिवसांचे, हिवाळीही दोन दिवसांचे आणि २०२१ चे पावसाळीही दोन दिवसांचे झाले. संकट मोठे होते, हे कुणी नाकारत नाही. लोकसभेनेही सप्टेंबर २०२० मध्ये प्रश्नोत्तराचा तास रद्द केला होता. पण तिथे अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे चालू ठेवली गेली. तास घेता येत नसेल तेव्हा लेखी उत्तर थांबता कामा नये, एवढा धडा तरी त्यातून घ्यायला हवा.

तिसरी तक्रार सभागृहातल्या एका वाक्याबद्दल आहे. आमदार उपप्रश्न विचारतात, मंत्री अडचणीत येतात, दोन्ही बाजूंनी सदस्य उभे राहतात, आणि मंत्री म्हणतात, ‘अध्यक्ष महोदय, या विषयावर अधिवेशन संपायच्या आत माझ्या दालनात बैठक लावतो, सन्माननीय सदस्यांनाही बोलावतो.’ बाके वाजतात, पुढचा प्रश्न पुकारला जातो.

ऐकायला हे चांगले वाटते, आणि काही कामे अशा बैठकीत मार्गी लागतातही. पण नीट पाहिले तर त्या वाक्याने एक मोठी गोष्ट घडते. जे उत्तर कामकाजाच्या नोंदीत, पत्रकारांसमोर, प्रेक्षक कक्षासमोर द्यायचे होते, ते बंद दाराआड जाते. दालनात काय ठरले याचे इतिवृत्त निघते की नाही, निघाले तर कुणाला मिळते, हे सभागृहाला कळत नाही. बैठक झालीच नाही तर विचारणार कोण? तो प्रश्न तर ‘झाला’. पुढच्या अधिवेशनात तोच विषय आणला तर आधी चर्चा झालेली असल्याचे सांगता येते. गावाला आमदाराकडून एवढेच समजते की ‘बैठक झाली, साहेब सकारात्मक आहेत’. सकारात्मक या शब्दाने आजवर एकही पूल बांधला गेलेला नाही.

लक्षवेधीचेही काही वेगळे राहिलेले नाही. विधानसभेच्या नियम १०५ खाली येणारी ही सूचना तातडीच्या आणि सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी असते. आता एकेका दिवशी इतक्या लक्षवेधी दाखवल्या जातात की त्यांच्यासाठी सकाळी विशेष बैठक भरवावी लागते, आणि त्या वेळी संबंधित मंत्री सभागृहात नाहीत म्हणून सूचना पुढे ढकलण्याची वेळही आली आहे. संविधानाच्या अनुच्छेद १६४(२) प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. त्या जबाबदारीची पहिली पायरी म्हणजे पुकारा झाल्यावर जागेवर असणे.

आणि आश्वासने. ‘चौकशी करून अहवाल पटलावर ठेवू’, ‘दोषींवर कारवाई करू’, ‘महिन्याभरात निधी देऊ’ असे मंत्री सभागृहात बोलले की ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे. मंत्र्यांची कोणती वाक्ये आश्वासन मानायची याची यादीच तिने करून ठेवली आहे, आणि पूर्ततेसाठी तीन महिन्यांची मुदत असते. ‘हा विषय विचाराधीन आहे’ हेसुद्धा त्या यादीप्रमाणे आश्वासन आहे. आपल्याकडे समिती आहे, सदस्य कष्ट घेतात, पण कोणत्या विभागाची किती आश्वासने किती वर्षांची पडून आहेत हे सामान्य माणसाला एका जागी, सोप्या मराठीत पाहायला मिळत नाही. जे दिसत नाही त्याचा दबावही पडत नाही.

इथवर सरकारबद्दल बोललो. आता, सन्माननीय सदस्यहो, आपल्याशीही बोलले पाहिजे.

पुष्कळ प्रश्न वर्तमानपत्रातल्या कात्रणावरून तयार होतात. कात्रणात बातमीदाराने घाईत लिहिलेला आकडा तसाच प्रश्नात येतो आणि तोच नकाराला वाट करून देतो. एका प्रश्नाखाली कधी कधी वीस-पंचवीस नावे असतात; त्यांतल्या किती जणांनी तो वाचला असेल, असा प्रश्न आम्हाला पडतो. पुकारा होतो तेव्हा विचारणारेच सभागृहात नसतात, हेही घडते. गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून जातो तेव्हा सर्वांत जास्त सुटका उत्तर देणाऱ्याची होते, हे विरोधी बाकांवरच्या सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

उत्तर टाळता येणार नाही असा प्रश्न कसा लिहायचा, हे अवघड नाही. ‘हे खरे आहे काय’ ऐवजी ‘किती, कधी, कुठे, कोणी’ विचारावे. पहिल्या भागात एकच वस्तुस्थिती ठेवावी. ‘असल्यास’ची साखळी तोडून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उत्तर मागेल असा लिहावा.

पीकविम्याचा प्रश्न घ्या. ‘शेतकरी विम्यापासून वंचित आहेत, हे खरे आहे काय’ असे विचारले की नकार ठरलेला. त्याऐवजी महसूल मंडळनिहाय विचारावे : या हंगामात विमा उतरवलेले शेतकरी किती, त्यांतले भरपाई नाकारलेले किती आणि कोणत्या कारणाने, मंजूर रक्कम किती, खात्यावर जमा किती आणि कोणत्या तारखेला, आणि मुदतीनंतर दिलेल्या रकमेवर मार्गदर्शक सूचनांमधील १२ टक्के व्याज कंपनीकडून वसूल केले का. या शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणता येत नाही. खरीप २०२३ पासून एक रुपयात मिळणारा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आणि शेतकऱ्याला पुन्हा खरिपासाठी दोन टक्के हप्ता भरावा लागला. स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्याला ही उत्तरे मिळायलाच हवीत.

रस्त्याबद्दल विचारताना ‘खड्डे पडले आहेत काय’ असे विचारू नये. करारातला दोषदायित्व कालावधी (ज्या काळात रस्ता बिघडल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा) कोणत्या तारखेपर्यंत आहे, त्या काळात ठेकेदाराला दुरुस्तीच्या किती नोटिसा दिल्या, दुरुस्ती त्याच्या खर्चाने झाली की शासनाने वेगळी निविदा काढली, हे विचारावे. दोषदायित्व कालावधी चालू असताना त्याच रस्त्याला पुन्हा पैसे मोजले गेले असतील तर ते याच तीन ओळींत उघडे पडते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. चाळीस मुलांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला चार किलो तांदूळ लागतो. हजेरीपट आणि साठा नोंदवही यांचे महिन्याचे आकडे शेजारी शेजारी मागावेत. एवढ्यावर सगळे कळते.

हा हक्क काही आयता मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारता येऊ लागले, पण मिळेल ते उत्तर ऐकून खाली बसावे लागे. उपप्रश्नाची मुभा १९०९ मध्ये मिळाली, तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. त्या पहिल्या काळात मुंबई कौन्सिलात टिळक आणि गोखले बसून गेले आहेत. स्वातंत्र्यानंतर दहाच वर्षांत, १९५७ मध्ये, आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडाच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रकमेचे शेअर का घेतले, असा विषय लोकसभेत आला. फिरोज गांधींनी तो डिसेंबरमध्ये लावून धरला. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. प्रश्न ते राजीनामा हा सगळा प्रवास काही महिन्यांचा होता. आज तेवढ्या महिन्यांत आपल्याकडे एका अतारांकित प्रश्नाचे उत्तर येत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

मा. अध्यक्ष आणि मा. सभापती, ‘हे खरे नाही’ एवढेच उत्तर आपण स्वीकारू नये. नकार असेल तर त्यापुढे मग खरे काय आहे ते आकडा आणि तारखेसह लिहिणे आणि ते कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या कोणत्या तारखेच्या अहवालावरून सांगितले हे नमूद करणे बंधनकारक करावे. पहिला भाग नाकारला तरी पुढच्या भागांतल्या वस्तुस्थितीचे उत्तर द्यावे लागेल, असा निर्देश आपण आसनावरून देऊ शकता. त्याला नवा कायदा लागत नाही. ‘कार्यवाही सुरू आहे’ या शब्दांपुढे ती कोणत्या टप्प्यावर आहे आणि कधी संपेल हे नसेल तर उत्तर अपूर्ण समजून विभागाकडे परत पाठवावे.

अतारांकित प्रश्नांना ३० दिवसांची मुदत असावी. माहिती अधिकाराच्या अर्जाला आहे तेवढीच. प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी कोणत्या विभागाकडे किती उत्तरे मुदत उलटून थकली आहेत, ती यादी सभागृहात वाचून दाखवावी. छापू नये फक्त. वाचावी, म्हणजे त्या त्या मंत्र्यांना बसून ऐकावी लागेल.

दालनातल्या बैठकीचे आश्वासन दिले तर तिचे इतिवृत्त १५ दिवसांत पटलावर यावे. अधिवेशन संपलेले असेल तर संकेतस्थळावर. बैठक झाली नाही तर तो प्रश्न पुढच्या अधिवेशनात आपोआप पहिल्या दिवशीच्या यादीत यावा, सदस्याने पुन्हा सूचना देण्याची गरज पडू नये.

मा. मंत्रिमहोदय, जिच्या कामावर तक्रार आहे त्या यंत्रणेकडूनच माहिती मागवण्याची पद्धत थांबवा. पाणी, रस्ते, शाळा, दवाखाने यांबाबतच्या प्रश्नांत जागेवरची पाहणी दुसऱ्या तालुक्यातल्या किंवा दुसऱ्या विभागातल्या अधिकाऱ्याकडून करून घ्या आणि पाहणीची तारीख उत्तरात द्या. अधिवेशनापूर्वी खातेवाटप झालेले असेल, याची हमी मुख्यमंत्र्यांनी द्यावी. आश्वासनांची विभागवार यादी, दिल्याची तारीख आणि आजची स्थिती यांसह, सर्वांना पाहता येईल अशी ठेवा.

याद्या युनिकोड मराठीत असाव्यात. जुन्या फाँटमधल्या किंवा स्कॅन केलेल्या पानांत गावाचे नाव टाकून शोधले तर काहीच सापडत नाही, आणि शेकडो पानांची यादी डोळ्यांनी चाळण्याइतका वेळ रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाकडे नसतो. तालुक्याच्या नावाने शोध घेतला की त्या तालुक्याचे सगळे प्रश्न, उत्तरे आणि आश्वासने समोर यावीत.

आणि सदस्यांनो, आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आले की त्याची प्रत संबंधित ग्रामपंचायतीला पाठवा. उत्तर खरे की खोटे हे गावाइतके लवकर दुसऱ्या कुणाला कळत नाही. ग्रामसभेत ते वाचले गेले आणि चुकीचे निघाले, तर ग्रामसभेचा ठराव जोडून अर्धा तास चर्चेची सूचना द्या.

या पत्राचे उत्तर आम्हाला वेगळे नको. पुढच्या अधिवेशनाची पहिली यादी आम्ही उघडू, तेव्हा पाण्याच्या प्रश्नापुढे उद्भवाची क्षमता आणि ती मोजल्याची तारीख छापलेली असावी.

कळावे,

आपले,
विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचणारे महाराष्ट्रातील काही मतदार